इंग्लंडच्या हेडमॅडमसोबत जोडी लागलीय, पण दोन कॉल नुसते कौतुकात गेले. पुढे काय विचारू?

दिंडोरीरोड_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. मी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापिका आहे, पहिली ते सातवी, राहायला म्हसरूळला, रोजचं येऊन-जाऊन. एका उपक्रमात माझी निवड झाली आणि इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या हेडमॅडमशी जोडी लावून दिली, सहा महिन्यांत सहा ऑनलाइन कॉल, दोघींनी एकमेकींकडून शिकायचं अशी कल्पना आहे. निवडीचं कळलं तेव्हा खरं सांगते, घरी पेढे आणले होते.

पहिल्या कॉलला आम्ही मुलांचं लेझीम बसवलं, दारात रांगोळी काढली, बोलक्या भिंती दाखवल्या, डिजिटल क्लासरूम दाखवली. दुसऱ्या कॉलला त्यांनी त्यांची लायब्ररी आणि ख्रिसमसच्या नाटकाची तयारी दाखवली. आम्ही म्हटलं व्हेरी नाइस, त्या म्हणाल्या लव्हली, पाऊण तास संपला. संध्याकाळी वही घेऊन बसले की आज काय शिकले ते लिहू, तर दोन ओळींच्या पुढे पेन जाईना. मुलांनी आठवडाभर लेझीमची प्रॅक्टिस केली होती, त्यांचा वेळ घेतला त्याचं जास्त वाईट वाटलं.

माझा शाळेतला खरा प्रश्न वेगळाच आहे. आता द्राक्षाचा सीझन चालू आहे. सुरगाणा-पेठकडची कुटुंबं भात कापून झाला की आमच्याकडे बागांवर कामाला येतात, विरळणी, डिपिंग, मग काढणी, ते होळीपर्यंत. राहायला बागेतल्याच खोल्या. सोबत मुलं असतात, मोठं मूल धाकट्याला सांभाळतं. काही मुलं शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहतात, मी आत बोलावते, वर्गात बसवते, खिचडी वाढते, आणि पंधरा दिवसांत ओळख होते न होते तोच काम संपतं आणि ती टोळी दुसऱ्या गावाला. हजेरीवर त्यांचं नाव नाही, कितवीत आहेत ते धड कळत नाही, त्यांचे गुरुजी कोण ते माहीत नाही.

हे त्या बाईंना सांगू का? त्यांना द्राक्षबागेचं काय कळणार, आणि आपली उणीव परक्या देशात उघडी केल्यासारखं पण वाटतं. माझं इंग्रजीही बेताचंच. कोणी असं परदेशी शाळांबरोबर काम केलं असेल तर सांगा प्लीज, तिसरा कॉल जानेवारीच्या शेवटी आहे.

---

सिन्नरचे_निवृत्त_सर

मॅडम, आधी अभिनंदन. मी सिन्नरकडे एका हायस्कूलला मुख्याध्यापक होतो, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. नोकरीत असताना एकदा दोन आठवडे इंग्लंडला जायचा योग आला होता म्हणून लिहितो.

पहिला आठवडा अगदी तुमच्या दोन कॉलसारखा गेला. रोज एक शाळा, कॉफी, चकाचक प्रयोगशाळा, मी फोटो काढतोय. तीनशेच्या वर फोटो झाले. परत आल्यावर प्रेझेंटेशन केलं, शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्या तीनशे फोटोंतली एकही गोष्ट माझ्या शाळेत आली नाही. येणार तरी कशी, तिथे वर्गात तीस मुलं आणि शिक्षकाच्या मदतीला आणखी एक माणूस, माझ्याकडे नववीच्या एका तुकडीत अडुसष्ट.

दुसऱ्या आठवड्यात ज्या हेडसरांकडे मला सोपवलं होतं ते म्हणाले की उद्या तू शाळा बघू नकोस, फक्त माझ्या मागे फिर, मी जिथे जाईन तिथे ये आणि मला काही विचारू नकोस, संध्याकाळी विचार. सकाळी पावणेनऊच्या आधी हा माणूस गेटवर उभा. पाऊस पडतोय, हातात छत्री, प्रत्येक मुलाला नावाने हाक. मला वाटलं शिस्तीसाठी उभे आहेत. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, मी मुलांसाठी नाही, आईबापांसाठी उभा राहतो, ऑफिसात यायला त्यांना भीती वाटते, गेटवर वाटत नाही. कोणाची आई दोन दिवस दिसली नाही, कोणाला आज आजी सोडायला आली, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं त्यांना वीस मिनिटांत कळायचं, आणि मला माझ्या शाळेत ते वर्षाच्या शेवटी निकाल लागल्यावर कळायचं.

परत आल्यावर मी एवढी एकच गोष्ट केली, रोज गेटवर उभा राहिलो. पहिले आठ दिवस पोरं मला बघून मागच्या बाजूने पळायची, त्यांना वाटलं उशिराची पकडापकडी चाललीय. मग हळूहळू पालक थांबायला लागले. एका मुलीचे वडील सायकल थांबवून म्हणाले, सर, पोरीला आठवीनंतर घरी ठेवतोय, रस्ता लांबचा आहे, एकटी कशी पाठवू. ऑफिसात हा माणूस कधीच आला नसता. त्याच वाडीच्या आणखी तीन मुली होत्या, त्यांची एकत्र यायची सोय लावली. चौघी दहावी पास झाल्या.

तर पुढच्या कॉलला त्यांना एवढंच विचारा, काल सकाळी शाळेत आल्यापासून घरी जाईपर्यंत तुम्ही काय काय केलंत. आणि तुमची अडचण तुम्ही आधी सांगा. कोणीतरी आधी सांगावीच लागते, नाहीतर दोघंही आपापल्या भिंतीच दाखवत राहतात. इंग्रजीची काळजी करू नका, आदल्या दिवशी साध्या वाक्यांत लिहून मेल करा, म्हणजे त्यांनाही विचार करायला वेळ मिळतो.

---

गुरुजी_डीएसएमवाले

सरांशी सहमत. मी मुक्त विद्यापीठाचा डीएसएम, म्हणजे शालेय व्यवस्थापनाचा डिप्लोमा, केला तेव्हा व्यवस्थापनाची एवढी तत्त्वं पाठ केली, पण खरं शिकलो ते शेजारच्या तालुक्यातल्या एका मॅडमच्या ऑफिसात बसून, त्या पालकांशी भांडण झाल्यावर कशा बोलतात ते बघून. परदेशी पाठवायचं सरकारांनाही पटायला लागलंय, पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापक सिंगापूरला ट्रेनिंगला पाठवले होते. माझं म्हणणं एवढंच की जाण्याआधी माणसाच्या खिशात स्वतःचा एक प्रश्न पाहिजे. तुमच्याकडे तो आहे मॅडम.

---

पंचवटीची_लेस्टरमध्ये

ताई, मी मूळची पंचवटीतली, आठ वर्षं झाली इथे, प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. तुम्ही लिहिलंय की त्यांना द्राक्षबागेचं काय कळणार, तर तुमच्या विषयावर त्यांच्याकडे तुमच्या कामाचं बरंच काही असू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक फरक लक्षात घ्या. इथली हेड आणि आपली मुख्याध्यापिका यांचं काम सारखं नाही. इथे १९८८ च्या कायद्यापासून शाळेचा पैसा बऱ्यापैकी शाळेच्याच हातात येतो, हेड आणि गव्हर्नर मंडळ मिळून बजेट ठरवतात, शिक्षकाची जाहिरात देतात, मुलाखत घेतात. आपल्याकडे शिक्षक बदलीने येतो आणि पदं पटावरून होणाऱ्या संचमान्यतेतून ठरतात. त्यामुळे "चांगले शिक्षक कसे निवडता" असं विचारलंत तर उत्तर छान मिळेल पण तुमच्या उपयोगाचं काहीच नसेल.

आणि उणीव उघडी करायची भीती म्हणालात ना, ती त्यांनाही आहे. इथे ऑफस्टेड म्हणून तपासणी असते. अगदी सप्टेंबर २०२४ पर्यंत अख्ख्या शाळेला एका शब्दात शेरा मिळायचा, उत्तम, चांगली, सुधारणा हवी किंवा अपुरी, आणि तो शब्द इंटरनेटवर सगळ्यांना दिसायचा. एका शब्दाने किती हेड खचलेल्या मी जवळून पाहिल्यात. आता सरकारी शाळांचा तो एका शब्दाचा शेरा बंद केला, पण मनातली भीती एवढ्यात जात नाही. म्हणून त्याही तुम्हाला नाटकाची तयारीच दाखवणार.

आता मुद्दा. इथे हजेरी दिवसातून दोनदा घ्यायची, सकाळी आणि दुपारी, कायद्यानेच. मूल आलं नाही की पहिल्याच दिवशी सकाळी ऑफिसातून घरी फोन जातो. १० टक्के किंवा जास्त हजेरी बुडली की ते मूल कायम गैरहजर राहणाऱ्यांत धरतात आणि त्याची वेगळी विचारपूस सुरू होते. प्रत्येक गैरहजेरीला कोड असतो. त्यातले दोन कोड तुमच्यासाठी आहेत. टी हा कोड कामासाठी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा. इथे जिप्सी, ट्रॅव्हलर लोक आहेत, आणि जत्रेत पाळणे लावणारी कुटुंबं आहेत, आपल्याकडे चैत्रात वणीच्या गडाच्या यात्रेला पाळणेवाले येतात ना तसेच. ही कुटुंबं साधारण ईस्टरपासून हिवाळा लागेपर्यंत गावोगाव फिरतात आणि हिवाळ्यात एका जागी परत येतात. आईबापांचा धंदाच फिरण्याचा असेल तर शाळा बुडाली म्हणून त्यांच्यावर लगेच केस होत नाही, पण सहा वर्षांच्या पुढच्या मुलाची बारा महिन्यांत निदान २०० सत्रं भरलेली लागतात, एक दिवस म्हणजे दोन सत्रं.

दुसरा कोड डी. म्हणजे एका मुलाचं नाव एकाच वेळी दोन शाळांत. मूळ शाळा नाव काढत नाही, आणि फिरताना जिथे असेल तिथली शाळाही नाव घेते. मूल दुसऱ्या शाळेत बसलं असेल तर मूळ शाळेत ते गैरहजर धरत नाहीत. त्यामुळे दोन्ही शाळांना एकमेकींशी बोलावंच लागतं. कागदावरची ही सोय सगळीकडे नीट चालते असं मी म्हणणार नाही, त्या मुलांना इथे त्रासही होतो, चिडवतात पण. पण निदान "हे मूल आज कोणाचं" याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं.

कॉलला हेच विचारा, फिरणारी मुलं आली किंवा गेली की तुम्ही दुसऱ्या शाळेशी काय बोलता. आणि वेळ बघा, हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो, तुमचे दुपारचे चार म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा, तेव्हा त्या गडबडीत असतात, थोडं उशिरा ठेवलंत तर निवांत बोलतील.

---

सुरगाण्याचा_मास्तर

मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मॅडम, तुम्ही ज्या मुलांबद्दल लिहिलंय ना, कुंपणापाशी उभी राहणारी, ती आमची मुलं आहेत.

मी सुरगाण्यात दुशिक्षकी शाळेवर आहे. पट ४१. दिवाळी झाली, भात निघाला की मालकाची पिकअप येते आणि १७-१८ मुलं आईबापांबरोबर जातात. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, कुठे ते जाणाऱ्यालाही आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो, मी स्वतः आईच्या पिशवीत घालतो, सांगतो की जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा. होळीला परत येतात तेव्हा कार्ड तसंच घडी घातलेलं परत येतं. तिसरीची पोरगी दिवाळीत जोडाक्षरं वाचत होती, होळीला आली तेव्हा काना-मात्रेवर अडकली. आणि ती हुशार आहे हो. घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलणारी मुलं आहेत, तुमच्याकडे वर्गात गप्प बसतात म्हणजे त्यांना येत नाही असं नाही.

दाखला का देत नाही असं कोणी विचारेल. होळीला पोर परत येणार हे मला माहीत असतं, चार महिन्यांसाठी नाव काढायचं, पोर्टलवर ट्रान्सफर टाकायची, परत आणायची, यात एखादं नाव मधल्यामध्ये राहिलं तर ते मूल कुठल्याच शाळेचं उरत नाही. आणि पट घसरला की दोनाचा एक शिक्षक होतो, हेही खरं, लपवत नाही. आरटीईने, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने, दाखल्यासाठी अडवायचं नाही असं सांगितलंय, म्हणजे तुम्हाला घेता येतं, पण मला कळत नाही की तुम्ही घेतलंय.

परदेशातून शिकू नये असं मी म्हणत नाही. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या वेळी आम्ही आठ जण वर्गणी काढून गाडी करून साताऱ्याला कुमठे बीटमधल्या शाळा बघायला गेलो होतो, तिथे मुलं जमिनीवर बसून गट करून स्वतः शिकताना बघितली आणि माझं शिकवणं तिथून बदललं. बघून माणूस बदलतो हे मला मान्य आहे. पण मॅडम, तुमच्या-माझ्या शाळेत दोन-तीन तासांचा रस्ता आहे आणि आपण एकमेकांना कधी फोन केला नाही. केंद्राच्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आपापल्या केंद्राचंच बोलतो. तुम्ही त्या बाईंशी जरूर बोला, आणि त्या काय सांगतात ते मलाही सांगा. मी नंबर मेसेजमध्ये पाठवतो.

---

गंगापूररोड_कोऑर्डिनेटर

छान चर्चा चाललीय. थोडा वेगळा अनुभव. मी गंगापूर रोडच्या एका शाळेत कोऑर्डिनेटर आहे, आमच्या आधीच्या प्रिन्सिपल मॅडम जपानच्या शिक्षकांकडून जुग्यो केंक्यू शिकून आल्या. म्हणजे चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही, कोणतं मूल कुठे अडलं, कोणी काय खोडलं ते टिपतात, मग बसून त्याच्यावर बोलतात आणि पाठ सुधारतात. जपानमध्ये हे बऱ्याच शाळांत नेहमीचं आहे, आणि तिथल्या सरकारी शाळांतले शिक्षक काही वर्षांनी बदलून जातात त्यामुळे ही सवय त्यांच्यासोबत दुसऱ्या शाळेत जाते. बदली आपल्याकडेही आहेच, पण आपला माणूस बदलून गेला की त्याचं काम तिथेच थांबतं.

आमच्याकडे पहिल्या वेळी पूर्ण फसलं. शिक्षकांना वाटलं ही तपासणी आहे, मागे वही घेऊन बसलेला माणूस म्हणजे आपला रिपोर्ट जाणार. सगळ्यांनी पाठांतर करून घेतलेला पाठ दाखवला, मुलांना प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत होती. मग मॅडमनी दुसरा पाठ स्वतः घेतला, पाचवीचा अपूर्णांकांचा, आणि तो खरोखर जमला नाही, सात मुलांनी पाव आणि अर्ध्यात गोंधळ केला, मॅडमनी तो कागद फळ्याला लावला आणि म्हणाल्या माझं कुठे चुकलं सांगा. त्या दिवसापासून आमच्याकडे ते खरं सुरू झालं. मुख्य माणसाने आधी स्वतःला बघू दिलं पाहिजे, हे मॅडमना जपानमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही, ते आम्हाला इथे पडून शिकावं लागलं.

---

सिन्नरचे_निवृत्त_सर

सुरगाण्याच्या गुरुजींचं वाचून मला पालघरकडच्या कोसबाडची आठवण झाली. माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाई मोडकांनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना आत्मसात केली, पण १९४५ ला बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते साहित्य महाग आहे आणि मुलं शाळेत येतच नाहीत. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं आणि शाळाच मुलांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ आणि ताराबाईंनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं जिथे गुरं घेऊन जातात तिथे शाळा. इटलीतली गोष्ट आणि आपल्या वारली मुलांचं कुरण. मॅडम, तुमच्या बागेपर्यंत शाळा न्यायची असेल तर हा धडा घरातलाच आहे.

---

दिंडोरीरोड_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण कॉल होऊन मगच लिहायचं ठरवलं होतं. काल झाला.

आदल्या दिवशी मी मेल केला, दहा-बारा साधी वाक्यं, भाच्याने स्पेलिंग बघून दिलं. द्राक्ष, टोळ्या, कुंपण, सगळं लिहिलं. कॉल लावला तर त्यांच्या मागे लायब्ररी नव्हती, ऑफिसात बसल्या होत्या, टेबलावर कागदांचा ढीग. त्या लिंकनशायरमध्ये आहेत, आजूबाजूला कोबी-फ्लॉवरची शेतं आणि त्यांच्याकडेही बाहेरून शेतमजूर येतात, दोन कॉलमध्ये हे मला माहीतच नव्हतं, मी विचारलंच नव्हतं ना.

त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ही मुलं आज कोणाच्या रजिस्टरवर आहेत? मी म्हटलं सुरगाण्याच्या. तिथे आज ती हजर आहेत का? नाही. तुमच्याकडे हजर आहेत का? बसली आहेत पण हजर नाहीत. असं बोलता बोलता माझा मलाच आवाज बदललेला कळला. एवढी वर्षं मी त्यांना खिचडी वाढत होते, प्रेमाने, पण ती माझी मुलं आहेत असं मी कुठे लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी एक कागद दाखवला. जत्रेवाल्यांची मुलं निघाली की त्या एका पानावर लिहून देतात, मूल शेवटचं कोणतं पुस्तक वाचत होतं, गणितात कुठपर्यंत आलंय, कशाची भीती वाटते, कोणाशेजारी बसलं की बोलतं. मार्क नाहीत, ग्रेड नाही. पुढच्या शाळेच्या शिक्षकाला पहिल्या तासाला उपयोगी पडेल एवढंच. त्या म्हणाल्या की पूर्वी त्यांचा सहा पानी फॉर्म होता आणि तो कोणीच वाचत नव्हतं.

त्यांनी मला विचारलं की वेगवेगळ्या वयाची मुलं एका वर्गात बसवून तुम्ही कसं शिकवता, त्यांच्या शाळेत पट कमी होतोय आणि दोन इयत्ता एकत्र करायची वेळ आलीय, शिक्षक घाबरलेत. तर पुढचा कॉल मी माझ्या वर्गातून लावणार आहे, पहिली-दुसरीच्या बहुवर्ग तासाचा, लेझीम न लावता, जसा असेल तसा. गंगापूर रोडच्या मॅडम म्हणाल्या तसं तो तास मीच घेणार.

सुरगाण्याच्या सरांशी परवा तासभर बोलले. त्या पानाचं आम्ही अर्ध पान केलं, हमी कार्डालाच स्टेपल करायचं. खाली पाच-सहा कोकणी शब्द लिहायचे, पाणी, भूक, घर असे, म्हणजे आमच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी मुलाशी बोलता येईल. आणि मागच्या बाजूला दोन्ही शाळांचे फोन नंबर. आल्याच्या दिवशी आम्ही मिसकॉल द्यायचा, निघाल्याच्या दिवशी परत द्यायचा. हजेरीसाठी एक वेगळी वही घातली, तारखेसकट. केंद्रप्रमुख सरांना दाखवली, त्यांनी पुढच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास दिलाय.

---

सुरगाण्याचा_मास्तर

मॅडम, सोमवारी पहाटे एक टोळी निघतेय, काढणीला. चौथीचा एक, दुसरीच्या दोघी. अर्धं पान भरून दिलंय, मुलांनाच हातात दिलंय या वेळी, पिशवीत नाही. पण पिकअप दिंडोरीला थांबणार नाही, मोहाडीकडे जाणार म्हणतात.

---

दिंडोरीरोड_मॅडम

मोहाडीकडच्या एका शाळेवरच्या मॅडम माझ्या बीएडच्या बॅचच्या आहेत. आत्ताच लावते फोन. मुलांची नावं मेसेज करा सर, आणि दोघींपैकी आधी कोण बोलतं तेही सांगा.